पोटाखालून गेलेली नवार

रिकामी डफल बॅग दुकानाच्या फळीवर ठेवली की ती मुकाट्याने खाली बसते. सुटकेस रिकामी असली तरी आपला रुबाब सोडत नाही, पाठीवरच्या मोठ्या सॅकलाही आतल्या चौकटीचा आधार असतो. डफलला मात्र स्वतःचा असा आकारच नाही, तुम्ही आत जे भराल त्यावर तिचे रूप ठरणार. म्हणून तर दुकानदार तिच्या पोटात कागदाचे बोळे आणि फोमचे तुकडे कोंबून तिला गोलगरगरीत करून टांगतात. जाणकाराने पहिली विनंती करावी ती हीच, की हे सगळे बाहेर काढा. भरताड निघाले की हातात उरते थोडे कापड, थोडी शिवण, एक चेन आणि काही पट्टे. शब्द मोजके असले की प्रत्येक शब्दावर भार येतो, तसाच इथे प्रत्येक घटकावर येतो. चाके, चौकट, कुलपाचे खटके यांचा थाटमाट नसल्यामुळे कारागिराला लपायला जागा राहत नाही, आणि म्हणूनच प्रवासाच्या सगळ्या सामानात वाचायला सर्वांत सोपी आणि सर्वांत आनंदाची वस्तू कोणती म्हणाल तर ती ही.

वाचनाला आपण पट्ट्यापासून सुरुवात करू. पलंगाला विणायची ती नवार आपल्या ओळखीची आहे; डफलचे पट्टे तिचेच, फक्त सुताऐवजी नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे. हातात धरायच्या मुठीवर बोट ठेवायचे आणि त्या नवारीच्या मागोमाग खाली उतरायचे. हलक्या बॅगेत ही यात्रा लवकर संपते: चेनपासून वीतभर खाली आली की नवार थांबते, आणि कापडावर दोन-चार टाके मारून तिला तिथेच बसवलेले असते. चांगल्या डफलमध्ये ती थांबत नाही. बॅगेच्या कुशीवरून ती खाली येते, तळाखालून पलीकडे जाते, दुसऱ्या कुशीवर चढते, तिथे दुसरी मूठ होते, पुन्हा उतरते, पुन्हा तळाखालून अलीकडे येते आणि जिथून निघाली होती तिथे पोचते. एकच अखंड नवार, तिच्या दोन मुठी आणि बॅगेच्या पोटाखालून गेलेले तिचे दोन वेढे. तान्ह्या बाळाला उचलताना आपण त्याच्या दंडाला धरत नाही, पाठीखाली हात घालतो. या नवारीने नेमके तेच केलेले असते. पंधरा किलोंचे ओझे आपण उचलतो तेव्हा तो भार कापडावर येतच नाही, पोटाखालच्या नवारीवर येतो, आणि कापडाने फक्त आतल्या वस्तू सांडू द्यायच्या नाहीत, एवढेच काम उरते. ज्याचे जे बळ त्याला तेच काम, हा विवेक या एका वेढ्यात दिसतो. मला विचाराल तर डफलच्या सगळ्या सौंदर्याचा उगम इथे आहे. रंग, नाव, किंमत हे सगळे नंतर.

आता ही नवार कापडाला जिथे जोडलेली आहे त्या जागा बघू. तिथे एक छोटा चौकोन शिवलेला असतो आणि त्या चौकोनाच्या आत फुली. ओढ कुठल्याही दिशेने आली तरी काही टाके तिला आडवे येतील आणि काही तिच्या दिशेत राहतील, अशी ही योजना. मुठीच्या अगदी मुळाशी, जिथे ताण सर्वांत जास्त, तिथे दाट नागमोडी टाक्यांची एक आखूड जाड रेघ दिसते; शिलाईवाले तिला बारटॅक म्हणतात. जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यावर आपण ती रोज बघतो, आणि रोज तिच्याकडे दुर्लक्षही करतो. उत्तम डफलमध्ये या रेघा सजावटीसारख्या सगळीकडे पसरलेल्या नसतात. जिथे जिथे हात ओढणार, तिथे तिथे त्या मुकाट उभ्या असतात. बारटॅक कुठे घातले आहेत हे पाहिले की बॅग आखणाऱ्या माणसाने कधी स्वतः ओझे वाहिले आहे की नाही, हे लगेच कळते.

टाक्यांविषयी एक गोड गैरसमज आहे, की टाके जितके बारीक तितकी शिवण पक्की. झुळझुळीत कापडापुरते ते ठीक. जाड कापडावर टाके फार जवळजवळ घातले तर सुईची भोके इतकी लगत पडतात की ताण आल्यावर कापड त्या ओळीवरच फाटते. म्हणून भक्कम डफलचे टाके जरा ऐसपैस, दोरा जाड, आणि महत्त्वाच्या जागी शिवण दुहेरी असते. हे सारे बाहेरून पुरते दिसत नाही. बॅग उलटी करायला हवी. आतल्या बाजूला कापडाच्या कडांचे धागे मोकळे लोंबत असतील तर ती शिवण काही वर्षांनी कडेपासून उसवत येणार हे ठरलेले. आणि तीच कड एका अरुंद पट्टीत घालून, पायपिंग करून, नीट मिटवलेली असेल तर ज्याच्याकडे कुणी बघणार नाही अशा जागीही कारागिराने हात आखडता घेतलेला नाही, एवढी खात्री पटते. अशा कडेवरून अंगठा फिरवण्यात जे सुख आहे ते जुन्या पुस्तकाच्या बांधणीवरून हात फिरवणाऱ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

कापडाच्या बाबतीत आकड्यांचा मोह फार. लेबलावर 600 डेनियर, 1000 डेनियर, 1680 डेनियर असे मोठाले आकडे असतात. 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. 1000 डेनियरचा धागा 9 किलोमीटर लांब पसरला तर त्याचे वजन 1 किलो भरेल. म्हणजे हा आकडा धागा किती जाड एवढेच सांगतो. वीण किती घट्ट, धागा कोणत्या जातीचा, याबद्दल तो गप्प राहतो. सैल विणलेल्या 1000 डेनियर कापडापेक्षा घट्ट विणलेले 420 डेनियरचे चांगले नायलॉन पुष्कळदा जास्त टिकते. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कापडावर नख ठेवून आडवे सरकवायचे. धागे बाजूला होऊन फट पडली तर वीण सैल, नख नुसते घसरून गेले तर वीण घट्ट. नायलॉन घासण्याला जास्त दाद देत नाही, पॉलिएस्टर उन्हाला. काही कापडांत ठरावीक अंतरावर जाड धागे घालून बारीक चौकडी विणलेली असते; एखादा काटा लागून छिद्र पडलेच तर ते पुढच्या जाड धाग्याशी येऊन अडते, वाढत नाही. ही रिपस्टॉप वीण उन्हात तिरकी धरून पाहावी, म्हणजे तिची नाजूक जाळी उमटते. नाजूक दिसते, इतकेच.

आणि आपल्या हवेला विसरून चालणार नाही. पाणी अडावे म्हणून कापडाच्या आतून पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेला असतो. मुंबई, कोकण, गोवा या दमट पट्ट्यात काही पावसाळे कपाटात बंद राहिलेली बॅग बाहेर काढली की तो लेप हाताला चिकट लागतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात, आणि काळ्या कपड्यांवर पांढरा भुगा पडतो. हवेतली वाफ त्या लेपाची रासायनिक साखळी हळूहळू तोडते, बॅग वापरली नाही तरी तोडतेच. थोडे जास्त पैसे गेले तरी ज्याच्यावर टीपीयू या प्लॅस्टिकचा थर बाहेरून पक्का बसवलेला आहे असे ताडपत्रीसारखे चकचकीत कापड आपल्याकडे अधिक काळ साथ देते. सुती कॅनव्हासचा मोह मला कळतो. ओला झाला की त्याचे धागे फुगतात आणि वीण आपोआप आवळते, हा त्याचा गुण मोठा देखणा. पण तो वाळायला दिवस घेतो, श्रावणात त्याच्यावर बुरशीचे ठिपके उमटतात, आणि शिवणीत सुती दोरा असला तर तो कापडाच्या आधी कुजतो. सोलापूर, नगर, नागपूर अशा कोरड्या हवेच्या गावांत राहणाऱ्यांनी कॅनव्हास खुशाल घ्यावा. रत्नागिरीकरांनी लांबूनच त्याचे कौतुक करावे.

या कॅनव्हासमुळेच डफलची वंशावळ आठवते. शिडाच्या जहाजांवरचे खलाशी शिडाच्या कापडातून उभी, नळकांड्यासारखी थैली शिवत, तिच्या तोंडाशी पितळी आयलेट लावत आणि त्यांतून दोरी ओवून तोंड आवळत. दुसऱ्या महायुद्धात हीच उभी थैली हिरव्या-खाकी रंगात लक्षावधी सैनिकांच्या खांद्यावर गेली. आपल्याकडे रजेवर घरी येणाऱ्या जवानाचे काळी ट्रंक आणि खाकी किटबॅग हे सामान साताऱ्या-कऱ्हाडच्या फलाटांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. या थैलीचा एकच दोष, पण तो जीव खाणारा: तळाशी ठेवलेला पायमोजा हवा असेल तर वरचा सगळा संसार बाहेर काढावा लागे. थैली आडवी झाली, तोंड लांबीच्या अंगाने आले, आणि त्या तोंडावर चेन बसली तेव्हा तो दोष फिटला. एवढ्याशा बदलाने केवढे काम केले! उभ्या थैलीत सामान रचले जाते ते एकावर एक. आडव्या डफलमध्ये ते शेजारी शेजारी राहते, एका नजरेत दिसते, आणि घरच्या कपाटाच्या खणासारखे उघडते. त्यातही चेन मधून सरळ जाण्याऐवजी तीन बाजूंनी वळून इंग्रजी यू अक्षरासारखी गेली असेल तर वरचे झाकण पूर्ण मागे पडते. सरळ चेनीच्या बॅगेत हात घालून चाचपडावे लागते. यू आकाराच्या बॅगेत फक्त बघावे लागते. रात्री अडीचला, आगगाडीच्या डब्यात दिवे मालवल्यावर, या दोहोंत किती अंतर आहे ते वेगळे सांगायला नको.

चेन हा खरा प्राणबिंदू. कापडाला ठिगळ लावता येते, पट्टा पुन्हा शिवता येतो. चेन गेली की बॅगेचे तोंड उघडेच. आज आपण जिला चेन म्हणतो तिचा घाट स्वीडनमध्ये जन्मलेल्या गिडियन सुंडबॅक या इंजिनियरने अमेरिकेत बसवला आणि 1917 साली त्याचे पेटंट मिळवले. तेव्हापासून तिच्या मूळ कल्पनेत फारसे काही बदललेले नाही. बॅगेच्या रनरवर वायकेके ही अक्षरे दिसली तर ती तादाओ योशिदा यांनी 1934 साली टोकियोत सुरू केलेल्या कंपनीची. अक्षरांइतकाच आकडाही महत्त्वाचा. चेनीचा नंबर म्हणजे मिटलेल्या दातांची रुंदी, साधारण मिलिमीटरमध्ये. पाच नंबरची चेन खिशाला शोभते. मुख्य तोंडाला आठ किंवा दहा नंबरची हवी. दातांचे प्रकारही निरनिराळे. सुट्या सुट्या प्लॅस्टिक दातांची चेन ऐटदार दिसते खरी, पण एक दात निखळला की तिची कथा संपली. नायलॉनच्या अखंड तारेची, बारीक मळसूत्रासारखी वळलेली चेन दिसायला साधी; पण मधेच फाकली तरी रनर मागे नेऊन पुन्हा पुढे आणला की बहुतेक वेळा ती जुळते. शिवाय वळणावर ती वाकते, अडत नाही.

चेन बिघडली असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा बिघडलेला असतो तो रनर. त्याचे दोन ओठ झिजून किंचित सैल होतात आणि दात नीट चावले जात नाहीत. कोपऱ्यावर छत्र्या, बॅगा आणि चपला दुरुस्त करणारा माणूस पकडीने त्या ओठांना अगदी हलकेच चिमटा काढतो, मेणबत्तीचा तुकडा दातांवरून फिरवतो, एकदा खालीवर करतो, आणि आपण टाकून द्यायला काढलेली बॅग आणखी काही वर्षे चालती होते. पकड जरा जास्त दाबली तर रनरच तुटतो, म्हणून तो चिमटा त्याच्याकडूनच काढून घ्यावा. ही दुरुस्ती कोपऱ्याकोपऱ्यावर होऊ शकते हा टिकाऊपणाचाच एक भाग आहे. ज्या बॅगेची चेन, बक्कल, पट्टा साध्या बाजारात मिळत नाही ती कितीही मजबूत असली तरी पहिल्या अपघातापुरतीच मजबूत.

डफलची खरी परीक्षा पाहायची असेल तर नेपाळात, एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर जायला हवे. लुक्लाची धावपट्टी अवघी 527 मीटर लांब, तीही चढावर. तिथे उतरणाऱ्या चिमुकल्या विमानांत माणशी साधारण पंधरा किलोंचे सामान चालते. तिथून पुढे रस्ता नाही. डफल दोरांनी आवळून याक आणि झोपक्यो या जनावरांच्या दोन्ही कुशींना बांधल्या जातात, किंवा दोन-तीन डफल एकत्र करकचून, कपाळावरून घेतलेल्या नाम्लोच्या पट्ट्यावर हमाल त्या वाहून नेतात. जनावर दगडी भिंतीला घासून जाते, बॅग घासते. पूल ओलांडताना तारांना घासते. मुक्कामी पोचल्यावर ती अंगणात फेकली जाते आणि रात्रभर बर्फाखाली पडून राहते. इथे डफलच का, याचे उत्तर तिच्या त्याच जुन्या आकारहीनतेत आहे: जनावराच्या बरगडीला टोचेल असे तिच्यात काही कडक नाही, दोरीत अडकेल असे काही लोंबत नाही, आणि दोर आवळला की ती आवळते. बाजूंवरून गेलेल्या नवारीला मधे मधे टाके घालून जे छोटे फासे केलेले असतात, ते शहरात निरुपयोगी नक्षीसारखे वाटतात; इथे त्यांतून दोर ओवला जाताना पाहिला की त्यांचा अर्थ लागतो. भडक नारिंगी, पिवळा रंगही शोभेसाठी नाही. ढिगाऱ्यात आपली बॅग लांबून ओळखू यावी म्हणून आहे. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने 2012 साली याच वाटेने एव्हरेस्टवर मोहीम नेली. बेस कॅम्पपर्यंत पायी जाऊन येणारी मराठी मंडळी तर आता या वाटेवर सारखी भेटतात.

हिमालय सोडा, आपल्या कोकणातली पाखाडी काय कमी आहे? जांभ्याच्या ओबडधोबड पायऱ्या, पावसात शेवाळलेल्या, आणि घर वरच्या आळीत. तिथे चाकांची बॅग घेऊन गेलेला पाहुणा दोनच मिनिटांत ती डोक्यावर घेतो. चाके विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर राज्य करतात. फरशी संपली की ती ओझ्यात ओझे. डफलचे दोन पट्टे खांद्यांवर चढवून ती पाठीला लावता येत असेल तर पाखाडी, एसटी, वडापची जीप, रेल्वेचा दादर, सगळीकडे दोन्ही हात मोकळे राहतात. मात्र हे खांद्याचे पट्टे सोडवता येणारे असावेत, आणि त्यांना जाड गादीचा फार सोस नसावा. डफल ही पाठीवर तासभर वाहायची वस्तू, दिवसभर नव्हे. दोन्ही टोकांना एकेक आखूड मूठ असली की मग बघायलाच नको: बाकाखालून ओढताना, टपावरून खाली घेताना, दोघांनी मिळून उचलताना हात आपोआप तिथेच जातो.

मोठी घ्यावी की लहान, याबद्दल माझे मत ठाम आहे: मनात येते त्याहून एक माप लहान. शंभर लिटरची डफल रिकामी असताना उदार वाटते, भरल्यावर ती दोघांची होते. चाळीस लिटरच्या आसपासची बॅग साधारण 55 गुणिले 35 गुणिले 25 सेंटिमीटरच्या चौकटीत बसते, म्हणजे देशांतर्गत विमानात हातात नेता येते. तिथे वजनाची मर्यादा 7 किलो, आणि बॅगच दीड किलोची असली तर कपड्यांना किती उरले ते आपणच मोजावे. पंचावन्न-साठ लिटरची बॅग खालच्या बर्थखाली सहज सरकते, लग्नाला जाणाऱ्या चौघांच्या घरातल्या दोघांचे कपडे घेते, आणि परतल्यावर घडी होऊन माळ्यावर उशीएवढी जागा अडवते. खिशांच्या बाबतीतही हात आखडताच बरा. एक बाहेरचा, तिकीट आणि किल्ल्यांसाठी. एक आतला, जाळीचा. फार तर टोकाला चपलांचा वेगळा कप्पा. खिसे वाढले की शिवणी वाढतात, शिवणी वाढल्या की फाटायच्या जागा वाढतात, आणि चष्मा नेमका कुठल्या खिशात ठेवला हा घरगुती वाद तर प्रत्येक खिशागणिक वाढतो.

डफलला जे जमत नाही तेही प्रेमाने मान्य करायला हवे. चकल्या डफलमध्ये घालू नयेत. लोणच्याची काचेची बरणी तर मुळीच नाही. मुलांकडे न्यू जर्सीला निघालेल्या आईवडिलांनी फराळाचे डबे कडक सुटकेसमध्येच भरावेत. पण त्या सुटकेसच्या तळाशी एक घडी केलेली डफल जरूर टाकावी. मोठी कडक सुटकेस स्वतःच चार-साडेचार किलोंची असते, तितक्याच सामानाची डफल दीड किलोच्या आत. 23 किलोंच्या मर्यादेत हा फरक नातवंडांच्या स्वेटरांइतका भरतो, आणि येताना लेकीने आग्रहाने दिलेले सगळे तिच्यात मावते.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात तर एवढे करा. फोम काढायला लावा, बॅग उलटी करा, कडेवरून अंगठा फिरवा, कापडावर नख सरकवा, चेन दहा वेळा वळणावरून मागेपुढे ओढा, आणि शेवटी मुठीची नवार बोटाने धरून तळापर्यंत जा. ती पोटाखालून पलीकडे गेली असेल तर रंगावरून अडून न बसता बॅग घ्या. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या.